मुक्तांबाळ छत्रातले तीन महिने

माझी आजी तंजावरच्या मराठी घरातली. ओरत्तनाडुला ती शेवटपर्यंत ‘मुक्तांबाळपुरम’च म्हणायची. तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला लागलं की हे गाव येतं आणि तिथे तंजावरच्या सरफोजीराजांनी १८०२ मध्ये बांधलेलं मुक्तांबाळ छत्र, म्हणजे यात्रेकरूंसाठीची धर्मशाळा, आहे. मी पुण्यात आहारतज्ज्ञ आहे. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पेशंटचं खाणंपिणं आणि जीवनसत्त्वांचे रिपोर्ट सांभाळणं हे माझं रोजचं काम. छत्र बघायला गेले ती आजीसाठी, पण दगडी हत्ती-घोड्यांसमोर उभी असताना मनात सतत येत होती माझी एक पेशंट.

मुक्तांबा ही सरफोजींची प्रिय सखी. ती बाळंतपणात गेली आणि आपल्या नावाने अन्नदान व्हावं एवढं मागून गेली, असं तिकडे सांगतात. छत्रांचा रिवाज मात्र तिच्याही आधीचा. १७९९ च्या तहाने राज्य कंपनीकडे गेलं, तेव्हा छत्रं तरी आपल्या हातून जाऊ नयेत म्हणून सरफोजींनी जानेवारी १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टोरिनला पत्र लिहिलं. आहाराचं काम करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं असं मला मनापासून वाटतं. रामेश्वरच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना, ब्राह्मणापासून परय्यापर्यंत सगळ्यांना, शिजवलेला भात. शिजवलेलं न चालणाऱ्याला कोरडा शिधा. अनाथ मुलांना दिवसातून तीनदा जेवण आणि चार दिवसांनी एकदा तेल लावून न्हाणं. तान्ह्यांना दूध. आजाऱ्याला वैद्य, औषध आणि त्याला सोसेल तेच अन्न. छत्रात बाळंत होणाऱ्या बाईचा सगळा खर्च छत्राचा, आणि बाळंतपणानंतर तिला तीन महिने तिथे राहायची मुभा.

त्या तीन महिन्यांपाशी मी अडले.

मी म्हणते ती पेशंट चाळिशीची. स्लीव्ह केलेली, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकलेला. ऑपरेशन उत्तम झालं होतं. घरी गेल्यावर उलट्या सुरू झाल्या आणि ती पातळ पेजेवर राहिली, तीही पांढऱ्याशुभ्र पॉलिश तांदळाची. वजन भराभर उतरतंय म्हणून घरचे खूश. सहाव्या आठवड्यात तळपायांना मुंग्या, जिना उतरताना तोल जाणं. आली तेव्हा भिंतीला हात लावून चालत होती. अंगातला बी-१ या जीवनसत्त्वाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो, आणि तिचा संपला होता. बी-१ न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं असतं तर मेंदूवर बेतलं असतं. इंजेक्शनं मिळाली, ती सावरली, पण तळपायांचा बधिरपणा पुढे कित्येक महिने राहिला. मधल्या आठवड्यांत मी तिला एकही फोन केला नव्हता. ती चूक माझीच.

तिला झाला तो बेरीबेरी, भातखाऊ मुलखांचा जुना रोग. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅकॅरिसन आणि पुढे वॉलेस अ‍ॅक्रॉइड यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. गिरणीत सडलेला कच्चा तांदूळ खाणाऱ्या तेलुगू किनारपट्टीत हा रोग होता. उकडा तांदूळ खाणारा तमिळ मुलूख बव्हंशी वाचला होता. भात टरफलासकट उकडला की कोंड्यातलं बी-१ दाण्यात शिरतं, आणि मग सडला तरी बरंचसं तिथेच राहतं. सरफोजींच्या काळात तर गिरणीच नव्हती. तांदूळ उखळात सडायचा, त्यामुळे कोंड्याचा अंश दाण्यावर राहायचाच. ‘व्हिटॅमिन’ हा शब्द १९१२ चा. त्याच्या एकशेदहा वर्षं आधी छत्राच्या पानावर तो पदार्थ बिननावाचा वाढला जात होता.

गरोदर बाईच्या अशक्तपणाचं कोडं सुटायला मुंबई लागली. १९२८ मध्ये डॉ. लुसी विल्स तिथे आल्या आणि गिरणगावातल्या गरोदर बायकांचा पंडुरोग तपासू लागल्या. अखेर यीस्टपासून केलेल्या मार्माइटने तो बरा होतो असं त्यांना दिसलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलेट ठरला. हिरव्या पानातलं हे जीवनसत्त्व आज मी प्रत्येक पेशंटच्या रिपोर्टवर शोधते. जठराचं बायपास केलेल्यांत लोहही बघावं लागतं, कारण ते जिथे शोषलं जातं तो आतड्याचा सुरुवातीचा भागच वाटेतून वगळलेला असतो. बी-१२ चं दुखणं वेगळं. यकृतातला साठा वर्षानुवर्षं पुरतो, म्हणून माणूस बिनधास्त राहतो आणि गोळ्या सोडतो. आपल्याकडच्या शाकाहारी घरांतून तर पेशंट ऑपरेशनला येतानाच बी-१२ कमी घेऊन येतो.

आजी बाळंतिणीला आळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि जेवणानंतर चिमूटभर बाळंतशेपा द्यायची. सव्वा महिना झाला की बायका म्हणायच्या, आता पुरे. आजी म्हणायची, ‘नाही, तीन महिने.’ कुठून आणले हे तीन महिने, असं मी लहानपणी विचारलं नाही.

सरफोजींच्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे. दिवसभराचं वाढप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजे आणि जेवायचं कोणी राहिलं असेल तर यावं, अशी हाळी दिली जाई. पुण्याला परतल्यावर मी ऑपरेशन झालेल्यांची यादी काढली. दर सोमवारी सकाळी, ओपीडी सुरू व्हायच्या आधी, एकेकाला फोन लावते. पहिला प्रश्न वजनाचा नसतो. ‘काल काय खाल्लंत, आणि पोटात राहिलं का?’