दुसऱ्या श्रेणीची शिडी : राष्ट्रीय फुटबॉल लीग आणि मुंबईचे उपनगर

प्रास्ताविक

भारतीय क्रीडेतिहासाचे लेखन बहुतांशी विजेत्यांभोवती फिरते. करंडक कोणी जिंकला आणि निर्णायक गोल कोणी केला यांची नोंद राहते. परंतु विजेत्यांच्या खालच्या पायरीवर कोण होते, ते वर कसे आले आणि पुन्हा खाली कसे गेले, याची नोंद क्वचितच होते. वस्तुतः कोणत्याही लीग पद्धतीचा कणा म्हणजे तिची दुसरी श्रेणी होय. पहिल्या श्रेणीला नवे रक्त तेथूनच मिळते आणि वस्तीतील मैदान व राष्ट्रीय स्पर्धा यांना जोडणारी वाटही तीच असते. भारतातील राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या दुसऱ्या श्रेणीचा इतिहास मुंबईच्या, विशेषतः कुर्ल्यासारख्या कामगारवस्तीच्या उपनगराच्या दृष्टीने तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कुर्ल्याची निवड सहेतुक आहे. या उपनगरातून राष्ट्रीय लीगमध्ये एखादा नामांकित संघ गेला, असा दावा येथे करावयाचा नाही. राष्ट्रीय लीगची शिडी ज्या लोकवस्तीपर्यंत पोहोचावयास हवी होती, त्या वस्तीचे कुर्ला हे प्रातिनिधिक उदाहरण आहे. जमशेटजी टाटा यांनी १८८६ मध्ये येथील धरमसी मिल विकत घेऊन तिचे स्वदेशी मिलमध्ये रूपांतर केले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातील पहिली विजेवर चालणारी रेल्वेगाडी बोरीबंदरहून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंतच धावली. स्वातंत्र्योत्तर काळात लालबहादूर शास्त्री मार्गावरील प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. गिरणी, रेल्वे आणि कारखाना या तिन्ही घटकांनी घडविलेल्या या वस्तीत खेळ आणि नोकरी यांचा संबंध स्वाभाविकपणेच जवळचा राहिला.

कंपनी संघ : लीगपूर्व व्यवस्था

मुंबईतील फुटबॉल लष्करी पलटणींनी रुजविला. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स करंडक प्रारंभी ब्रिटिश पलटणींच्या हाती राहिला. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला आणि भारतीय नागरी संघाचे नाव त्यावर प्रथमच कोरले गेले. १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. शहराची स्थानिक साखळी स्पर्धा हार्वुड लीग या नावाने ओळखली जाई आणि महत्त्वाचे सामने कुपरेज मैदानावर होत.

स्वातंत्र्यानंतर पलटणींची जागा कंपन्यांनी घेतली. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स आणि रेल्वे यांचे संघ मुंबईच्या फुटबॉलचे आधारस्तंभ ठरले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा हे याच व्यवस्थेतील खेळाडू होते. या व्यवस्थेत खेळाडू कागदोपत्री हौशी असे. प्रत्यक्षात तो खेळाच्या गुणावर नेमलेला नोकरदार असे. खेळ संपल्यावरही पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन यांची शाश्वती राही. चाळीत राहणाऱ्या कुटुंबाने मुलाला मैदानावर जाऊ द्यावे, यामागे ही शाश्वती होती.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. कंपनी संघाचे अस्तित्व व्यवस्थापनाच्या मर्जीवर अवलंबून असे. त्याला स्वतःचे मैदान, युवा संघ वा परिसरातील निष्ठावंत प्रेक्षकवर्ग बहुधा नसे. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईच्या औद्योगिक रचनेला हादरे बसू लागले, तेव्हा या संघांचा पायाही ढासळू लागला, यात आश्चर्य नाही.

राष्ट्रीय लीग आणि दोन श्रेणी

अशा संक्रमणकाळात, १९९६ मध्ये, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू केली. फगवाड्याच्या जेसीटी संघाने पहिले विजेतेपद मिळविले. पुढच्याच हंगामापासून दुसऱ्या श्रेणीची जोड देण्यात आली. बाद फेरीच्या करंडकांची सवय असलेल्या देशात हे पाऊल महत्त्वाचे होते. बाद फेरीत एका दुपारचा पराभव स्पर्धेबाहेर काढतो. लीगमध्ये पराभवानंतरही पुढचा सामना असतो आणि खालच्या श्रेणीत गेल्यावरही परतीची वाट असते.

या ठिकाणी इंग्लंडचे उदाहरण उद्बोधक ठरते. तेथील फुटबॉल लीगमध्ये दुसरी श्रेणी १८९२ मध्ये आली. प्रारंभीची काही वर्षे वरच्या श्रेणीतील तळाचे आणि खालच्या श्रेणीतील अग्रभागीचे संघ यांच्यात चाचणी सामने होत. १८९८ मध्ये ती पद्धत बंद होऊन गुणतक्त्यानुसार आपोआप चढउतार होऊ लागला. शिडीचा नियम एकदा ठरल्यावर क्लब येत-जात राहिले, परंतु नियम टिकला. भारतात याच्या नेमके उलट घडले, असे पुढील इतिहासावरून दिसते.

राष्ट्रीय लीगच्या काळात मुंबईचा मान महिंद्रा युनायटेडने राखला. २००५-०६ चे विजेतेपद या संघाने पटकावले. ती लीग जिंकणारा मुंबईचा तो एकमेव संघ होय. २००७ मध्ये राष्ट्रीय लीगचे रूपांतर आय-लीगमध्ये झाले. दहा संघांच्या या पहिल्या हंगामात महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडिया असे मुंबईचे दोन्ही संघ कंपनी संघच होते.

मुंबई एफसी : शिडीवरून आलेला संघ

२००८ मध्ये आय-लीगची दुसरी श्रेणी सुरू झाली. प्रारंभीच्या हंगामांत तिचे स्वरूप गटसाखळी आणि त्यानंतरची अंतिम फेरी असे, म्हणजे दीर्घ लीगपेक्षा लांबलेल्या स्पर्धेसारखे होते. तरीही तिचे पहिलेच विजेतेपद मिळविले ते आदल्या वर्षी स्थापन झालेल्या मुंबई फुटबॉल क्लबने. कंपनीचा विभाग म्हणून नव्हे, तर शहराच्या नावाने उभा राहिलेला हा व्यावसायिक क्लब खालच्या श्रेणीत खेळून वर आला, ही बाब मुंबईच्या फुटबॉल इतिहासात नोंद घेण्याजोगी आहे. पुण्याचा पुणे एफसी हा संघही पुढच्याच वर्षी याच मार्गाने वर आला.

त्यानंतरच्या काही वर्षांत कंपनी संघ मात्र एकामागून एक मावळले. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये व्यवस्थापनाच्या निर्णयाने बंद झाला. ओएनजीसीचा मुंबईस्थित संघ दुसऱ्या श्रेणीतून २०१० मध्ये वर आला, पुढच्याच हंगामात खाली गेला आणि २०१२ मध्ये पुन्हा वर आला. चढउताराचा नियम काम करतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. परंतु २०१३ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या क्लब परवान्याचे निकष पूर्ण न केल्यामुळे ओएनजीसी आणि एअर इंडिया या दोन्ही संघांना लीगबाहेर जावे लागले. युवा विकास, मैदान, आर्थिक पारदर्शकता आणि स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व या निकषांचे औचित्य नाकारता येत नाही. मात्र कंपनी संघांची जी कामे होती, म्हणजे खेळाडूला उपजीविका देणे आणि स्थानिक गुणवत्तेला पहिले दार उघडणे, ती कोणी करावयाची, हा प्रश्न परवान्याच्या अर्जात नव्हता.

त्याच सुमारास प्रवेशाचा दुसरा मार्ग खुला झाला होता. भांडवल असलेल्या नव्या क्लबांना थेट पहिल्या श्रेणीत स्थान देण्यात येऊ लागले. बंगळुरू एफसी २०१३ मध्ये असाच आला आणि पहिल्याच हंगामात विजेता ठरला. पुण्यात हा प्रयोग फसला. २०१४-१५ मध्ये थेट प्रवेश मिळालेला भारत एफसी एका हंगामात संपला. डीएसके शिवाजियन्सला दुसऱ्या श्रेणीनंतर २०१५ मध्ये थेट प्रवेश मिळाला आणि २०१७ नंतर तोही दिसेनासा झाला. पायऱ्या चढून आलेला पुणे एफसीसुद्धा दरम्यान लीगमधून बाहेर पडला होता. भांडवलाने दार उघडते, परंतु टिकाव लागेलच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

२०१६-१७ चा हंगाम या संपूर्ण इतिहासाचे सार सांगणारा आहे. त्या हंगामात मुंबई एफसी तळाला गेला. खालच्या श्रेणीत नव्याने सुरुवात करण्याऐवजी त्याचा वरिष्ठ संघच बंद पडला. त्याच हंगामाचे विजेतेपद मिझोरमच्या ऐझॉल एफसीने पटकावले. हा क्लब २०१५ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून वर आला होता आणि नंतर खालीही गेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा संधी मिळाली होती. त्याचे प्रशिक्षक होते खालिद जमील. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तिन्ही संघांतून खेळलेले आणि २००९ ते २०१६ या काळात मुंबई एफसीचेच प्रशिक्षकपद भूषविलेले हे गृहस्थ ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. मुंबईच्या व्यवस्थेत तयार झालेले कौशल्य टिकले. ते घडविणाऱ्या तीन संस्थांपैकी एकही लीगमध्ये टिकली नाही.

दुसऱ्या श्रेणीचा बदलता अर्थ

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, ती चढउताराविना. मुंबई सिटी एफसी हा या लीगबरोबरच जन्माला आलेला क्लब. त्याने २०२०-२१ मध्ये लीग शिल्ड आणि करंडक असा दुहेरी मान मिळविला. मुंबईला विजेता क्लब लाभला, परंतु तो पायऱ्या चढून आलेला नव्हता. गोव्याच्या धेंपो क्लबची कथा याच्या उलट आहे. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला हा क्लब २०१५ मध्ये खालच्या श्रेणीत गेला, पुढच्याच वर्षी ती श्रेणी जिंकून परत येण्यास पात्र ठरला आणि त्याच वर्षी लीगच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ बाहेर पडला. २०२४ मध्ये तो पुन्हा खालच्या श्रेणीतूनच आय-लीगमध्ये परतला.

२०१९ मध्ये आशियाई महासंघाच्या पुढाकाराने झालेल्या समझोत्यानुसार सुपर लीगला अग्रस्थान मिळाले आणि २०२२-२३ पासून आय-लीग ही अधिकृतपणे दुसरी श्रेणी ठरली. म्हणजेच पाव शतकात 'दुसरी श्रेणी' या शब्दाने तीन वेगवेगळ्या स्पर्धांचा बोध झाला. पंजाबच्या राउंडग्लास क्लबने २०२३ मध्ये आणि मोहमेडन स्पोर्टिंगने २०२४ मध्ये बढती मिळविली. २०२५ चा विजेता मात्र मैदानावर ठरला नाही. क्रीडा लवाद न्यायालयाच्या जुलैमधील निर्णयाने इंटर काशीला विजेतेपद मिळाले.

या नव्या दुसऱ्या श्रेणीत मुंबईचे प्रतिनिधित्व केंकरे क्लबने केले. २०२१ मध्ये बंगळुरू येथील पात्रता स्पर्धेत राजस्थान युनायटेडच्या मागोमाग दुसरे स्थान मिळवून तो आय-लीगमध्ये आला. परंतु ज्या २०२२-२३ च्या हंगामात आय-लीगला दुसऱ्या श्रेणीचा दर्जा आणि वर जाण्याचा मार्ग प्राप्त झाला, त्याच हंगामाच्या शेवटी हा संघ खाली गेला.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, मुंबईतून दुसऱ्या श्रेणीद्वारे वर आलेले मुंबई एफसी, ओएनजीसी आणि केंकरे हे तिन्ही संघ खेळाच्या बळावर वर गेले; त्यांपैकी सर्वाधिक काळ वर राहिलेला मुंबई एफसीदेखील दहा हंगामही पूर्ण करू शकला नाही. एक संघ परवान्याअभावी गेला, एक तळाला जाऊन बंद पडला, एक मैदानावर हरून खाली गेला. यांपैकी केवळ शेवटचे कारण लीग पद्धतीत अपेक्षित असते. हरणाऱ्या संघाला परतण्याची वाट खुली असली, तर ती हानी भरून निघते. संघच नाहीसा झाला, तर त्याबरोबर प्रशिक्षण, निवडपद्धती आणि परिसराशी जडलेले नाते हेही नाहीसे होते.

कुर्ल्याच्या बाजूने पाहता या प्रश्नाचे गांभीर्य अधिक जाणवते. स्वदेशी मिल आणि मोटारींचा कारखाना यांचे उत्पादन विसाव्या शतकाच्या अखेरीस थांबले. खेळाच्या गुणावर नोकरी देणारी दारे त्याबरोबर अरुंद झाली. त्यांच्या जागी व्यावसायिक लीगने एक-दोन हंगामांचा करार देऊ केला, परंतु तो देणारे क्लबच अल्पायुषी ठरले. कुपरेज लोकलने आजही तासाभराच्या अंतरावर आहे. दुरावली आहे ती मधली पायरी. चढउताराचा नियम अबाधित राहणे, परवान्याच्या निकषांबरोबर लहान क्लबांना ते पूर्ण करण्यास साहाय्य मिळणे आणि उपनगरांत खुली मैदाने राखणे, या तीन गोष्टींवाचून ही पायरी उभी राहणे कठीण आहे.

याखेरीज एक कर्तव्य महाविद्यालयांकडेही येते. बंद पडलेल्या कंपन्यांच्या क्रीडा विभागांची दप्तरे विखुरली आहेत, परंतु त्या संघांतून खेळलेली माणसे उपनगरांतील वस्त्यांमध्ये आजही भेटतात. इतिहास आणि शारीरिक शिक्षण या विभागांनी संयुक्तपणे त्यांच्या मौखिक आठवणी, ओळखपत्रे, छायाचित्रे आणि सामन्यांची कात्रणे जतन करण्याचे काम हाती घेतले, तर दुसऱ्या श्रेणीच्या इतिहासाला प्राथमिक साधने उपलब्ध होतील. विजेत्यांचा इतिहास करंडकावर कोरलेला राहतो. पायऱ्यांचा इतिहास मात्र वेळीच लिहून ठेवावा लागतो.