हंगाम संपायचा तेव्हा : मुलांनी बाराही महिने एकच खेळ खेळावा का?

१/ सप्टेंबर १९७४. लॉस एंजेलिसमधील डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या ३१ वर्षांच्या बेसबॉलपटूच्या उजव्या हातातील एक कंडरा काढून त्याच्या डाव्या कोपरात बसवली. तेव्हा तो अखेरचा उपाय मानला गेला होता. पुढे हीच शस्त्रक्रिया शाळकरी मुलांवर होऊ लागली. व्यावसायिक खेळाडूचा हा उपचार मुलांपर्यंत कसा पोहोचला, त्याचा हा इतिहास.

२/ मुलाने वर्षभर एकच खेळ खेळावा की अनेक, हा प्रश्न आज प्रत्येक क्रीडाप्रेमी घरात निघतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो बराच अलीकडचा आहे. पूर्वीच्या पिढ्यांना तो पडलाच नाही, कारण त्याचे उत्तर हवामान देत असे.

३/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची ईशान्य अमेरिका पाहा. शरद ऋतूत अमेरिकन फुटबॉल, वसंतात आणि उन्हाळ्यात बेसबॉल, आणि मध्ये बर्फाने झाकलेली मैदाने. मुलांच्या प्रकृतीचा विचार करून हे वेळापत्रक कोणी आखले नव्हते. थंडी पडली की बेसबॉलची बॅट आपोआप कोपऱ्यात जाई आणि चेंडू फेकणाऱ्या हाताला काही महिने विश्रांती मिळे.

४/ या मधल्या पोकळीतूनच एक नवा खेळ जन्मला. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयातील १८ विद्यार्थी हिवाळी कवायतीला कंटाळले होते. त्यांच्यासाठी घरात खेळता येईल असा खेळ शोधण्याचे काम जेम्स नेस्मिथ या शिक्षकाकडे आले. त्यांनी सज्जाला पीचच्या दोन टोपल्या टांगल्या, १३ नियम लिहिले, आणि बास्केटबॉल सुरू झाला.

५/ म्हणजे बास्केटबॉल मुळात दोन हंगामांमधील रिकामा काळ भरून काढण्यासाठी रचला गेला. पुढे अमेरिकी शाळांत तीन हंगामांची रीत रुजली. एकच मुलगा शरदात फुटबॉलच्या, हिवाळ्यात बास्केटबॉलच्या आणि वसंतात बेसबॉलच्या संघात दिसे. आपल्याकडेही संक्रांतीचे पतंग, गोट्यांचे दिवस, भोवऱ्यांचे दिवस असा क्रम गल्लोगल्ली पाळला जाई. तो कोणी लिहून ठेवला नव्हता.

६/ या रीतीतून घडलेला सर्वांत ठळक खेळाडू म्हणजे जॅकी रॉबिन्सन. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए या विद्यापीठाचे त्यांनी फुटबॉल, बास्केटबॉल, मैदानी स्पर्धा आणि बेसबॉल अशा चार खेळांत प्रतिनिधित्व केले. गंमत म्हणजे तेथे त्यांची सर्वांत दुबळी कामगिरी बेसबॉलमध्येच झाली. तेच रॉबिन्सन १९४७ मध्ये आधुनिक मेजर लीगमधील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले.

७/ विद्यार्थिदशेतील त्या कामगिरीवरून कोणी त्यांना बेसबॉल सोडायला लावले असते, किंवा लहानपणीच एका खेळाला कायमचे बांधले असते, तर काय झाले असते याचे उत्तर इतिहास देत नाही. पण कोणत्या खेळात कोणाचे भाग्य आहे हे वेळेआधी ओळखणे किती अवघड असते, एवढे या उदाहरणावरून नक्की समजते.

८/ आता वळू १९३९ कडे. पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ यांनी मुलांसाठी तीन संघांची एक छोटी स्पर्धा सुरू केली. तीच ‘लिटल लीग’. मैदान लहान, गणवेश खरा, खेळ मोठ्यांसारखा. १९४७ मध्ये तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि काही वर्षांतच हा उपक्रम देशभर पसरला. मुलांच्या खेळाची सूत्रे मुलांकडून मोठ्यांकडे जाण्यास येथून वेग आला.

९/ १९६० मध्येच क्ष-किरणतज्ज्ञांनी ‘लिटल लीगरचा कोपर’ अशी नवी संज्ञा वापरली. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील डॉ. जोएल अ‍ॅडम्स यांनी ९ ते १४ वर्षांच्या मुलांच्या कोपरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चेंडू फेकणाऱ्या मुलांच्या हाडांत जे बदल दिसले, ते इतर मुलांच्या मानाने कितीतरी अधिक होते. इशारा इतका जुना आहे.

१०/ असे का होते? बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात. प्रत्येक फेकीत त्याच्या कोपराच्या आतील बाजूवर प्रचंड ताण येतो. प्रौढ माणसात तो ताण अस्थिबंधावर, म्हणजे दोन हाडे जोडणाऱ्या पट्ट्यावर येतो. वाढत्या मुलाच्या हाडाच्या टोकाशी अजून मऊ कूर्चा असते आणि आधी तीच दुखावते.

११/ एका फेकीने सहसा काही बिघडत नाही. सूक्ष्म इजा होते आणि विश्रांतीत ती भरून निघते. भरून निघण्याआधीच पुढची इजा झाली, असे आठवड्यामागून आठवडे चालले, की ताण साचत जातो. हिवाळ्याची सक्तीची सुट्टी नेमकी या साठवणुकीच्या आड येत होती.

१२/ टॉमी जॉनची शस्त्रक्रिया या कथेतील वळण आहे. यशाची शक्यता शंभरात एक, असा डॉ. जोब यांचा अंदाज होता. तरीही जॉन १९७६ मध्ये मैदानावर परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेनंतर त्याने १६४ सामने जिंकले. कारकीर्द संपवणारी दुखापत आता दुरुस्त होणारी दुखापत ठरली. वैद्यकशास्त्राचा हा निःसंशय विजय होता.

१३/ पण या विजयाची सावलीही पडली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात अमेरिकेतील सुमारे निम्म्या शालेय बेसबॉलपटूंना असे वाटत होते की, कोपराला इजा नसतानाही कामगिरी सुधारण्यासाठी ही शस्त्रक्रिया करून घ्यावी. पालकांपैकीही एक-तृतीयांशाहून अधिक जणांचा हाच समज होता. धडधाकट सांधा कापून घेण्याची कल्पना शहाणपणाची वाटू लागली होती.

१४/ दरम्यान हंगामाची भिंतही कोसळत होती. फ्लॉरिडा, कॅलिफोर्नियासारख्या उबदार राज्यांत बाराही महिने खेळता येई. थंड प्रदेशांत बंदिस्त सराव-सभागृहे उभी राहिली. १९७८ मध्ये निक बोलेटिएरी यांनी फ्लॉरिडात टेनिसची निवासी अकादमी काढली आणि मुलाचे शालेय जीवन एका खेळाभोवती रचण्याचा नमुना तयार झाला. गावोगावी फिरून सामने खेळणारे खासगी संघ आणि निवडकर्त्यांसमोरील प्रदर्शन-सामने त्यानंतर वाढत गेले.

१५/ पालकांना यात केवळ लोभी ठरवणे अन्यायाचे होईल. महाविद्यालयीन शिक्षण महाग होते आणि खेळाडूंना शिष्यवृत्ती मिळे. शेजारचे मूल हिवाळ्यातही सराव करत असेल, तर आपले मूल मागे पडेल ही भीती खरी होती. प्रत्येक घराचा निर्णय त्या घरापुरता समजण्याजोगा होता. सर्वांनी तोच घेतल्यावर मात्र कोणालाच थांबता येईना.

१६/ या भीतीला शास्त्राचा आधारही मिळाल्यासारखा वाटला. अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनमधील व्हायोलिनवादकांच्या सरावाचा अभ्यास मांडला. २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या पुस्तकाने त्यातून ‘दहा हजार तासां’चा नियम लोकप्रिय केला. वयाच्या दुसऱ्या वर्षी दूरचित्रवाणीवर झळकलेले टायगर वुड्स हे त्याचे जिवंत उदाहरण मानले गेले. त्याच वाटेने जाऊन जायबंदी झालेल्या मुलांचे फोटो मात्र कोणी भिंतीवर लावत नाही.

१७/ २००६ मध्ये अलाबामातील क्रीडावैद्यकतज्ज्ञांनी आकडेच मांडले. शस्त्रक्रिया करावी लागलेले ९५ किशोरवयीन पिचर आणि गंभीर इजा न झालेले ४५, अशी ती तुलना होती. वर्षात आठ महिन्यांहून अधिक काळ स्पर्धेत चेंडू फेकणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता सुमारे पाचपट आढळली. हात थकलेला असतानाही नियमितपणे फेकत राहणाऱ्यांत ती ३६ पट होती.

१८/ येथे सावधगिरी हवी. अशा तुलनेतून कारण आणि परिणाम पूर्ण सिद्ध होत नाहीत. चांगल्या पिचरला प्रशिक्षक अधिक वापरतात, हेही त्यात मिसळलेले असते. शिवाय खरा दोष खेळ एकच असण्यात किती आणि भार अति असण्यात किती, हे वेगळे करणे कठीण आहे. एकाच हंगामात तीन संघांकडून खेळणारे मूलही तितकेच धोक्यात असते.

१९/ पुढचे चित्र अधिक गंभीर होते. अमेरिकेतील खासगी विम्याच्या २००७ ते २०११ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा टॉमी जॉन शस्त्रक्रिया झालेल्यांत निम्म्याहून अधिक जण १५ ते १९ वर्षांचे निघाले. ३१ वर्षांच्या व्यावसायिकासाठी शोधलेला उपाय आता प्रामुख्याने मुलांचा झाला होता.

२०/ मग नियम आले. लिटल लीगने २००७ पासून वयानुसार दिवसाच्या फेकींवर मर्यादा घातली. पण मूल दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच संघाकडून खेळले, तर मोजणार कोण? २०१४ मध्ये मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी संयुक्त मार्गदर्शक सूत्रे काढली. वर्षातील चार महिने सामन्यात चेंडू फेकू नये, असा सल्ला त्यांत होता. हिवाळा जे विनामूल्य देत होता, ते आता परिपत्रक काढून मागावे लागत होते.

२१/ जुलै २०१५ मध्ये जॉन स्मोल्ट्झ बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये दाखल झाले. टॉमी जॉन शस्त्रक्रिया झालेले ते तेथील पहिले पिचर. सन्मान स्वीकारताना त्यांनी पालकांना बजावले की, बेसबॉल हा वर्षभराचा खेळ नाही; मुलांना इतर खेळही खेळू द्या.

२२/ हा केवळ अमेरिकेचा प्रश्न आहे काय? जपानमध्ये विद्यार्थी बहुधा एकाच क्रीडामंडळात प्रवेश घेतो आणि वर्षभर तोच खेळ खेळतो. १९९८ च्या कोशिएन या शालेय स्पर्धेत १७ वर्षांच्या दाइसुके मात्सुझाकाने एका सामन्यात २५० चेंडू फेकले आणि तो राष्ट्राचा नायक झाला. २०११ मध्ये त्याच्यावरही टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली.

२३/ ज्या समाजाने सहनशक्तीलाच चारित्र्य मानले, त्यालाही अखेर सीमा आखावी लागली. २०१८ मध्ये जपानच्या क्रीडा विभागाने शालेय मंडळांसाठी आठवड्यात किमान दोन दिवस विश्रांतीची मार्गदर्शक सूचना काढली. २०२० पासून शालेय बेसबॉलमध्ये एका पिचरला आठवड्यात ५०० फेकींची मर्यादा आली.

२४/ अपवाद आहेत. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात शिखर लवकर गाठावे लागते, म्हणून सुरुवातही लवकर होते. शिवाय एखाद्या मुलाचे एकाच खेळावर मनापासून प्रेम असू शकते; ते मोडून काढणे हा उपाय नव्हे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये मध्यममार्ग सुचवला: बहुतेक खेळांत १५-१६ वर्षांपर्यंत एका खेळाला वाहून घेऊ नये, आणि वर्षातून एकूण तीन महिने आपल्या खेळापासून पूर्ण सुट्टी घ्यावी.

२५/ १८९१ च्या स्प्रिंगफील्डमधील मुलांना ही सुट्टी ऋतूने दिली होती. तिच्यासाठी कोणाशी भांडावे लागले नाही. आजचे मूल दिव्यांच्या उजेडात, छताखाली, कोणत्याही महिन्यात खेळू शकते. त्यामुळे थांबण्याची वेळ ठरवणे मोठ्यांवर आले आहे. मुलाला अकादमीत घालताना फी, मैदान, प्रशिक्षक यांची चौकशी सगळेच करतात. तिच्यात आणखी एक प्रश्न असावा: येथे वर्षातील कोणते महिने खेळ बंद असतो?