कुलाब्याचा मनोरा आणि प्रभाराची अदलाबदल

रायपूरहून बोलतोय, पण आजची गोष्ट मुंबईची. कुलाब्याच्या नेव्ही नगरात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. आम्ही फौजी मंडळी त्या रस्त्याने पुष्कळदा जायचो. आतल्या मनोऱ्यात काय चालतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसायचं.

तिथे १९८८च्या अखेरीस पेलेट्रॉन सुरू झाला. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचा हा संयुक्त त्वरक. वरून ऋण आयन सोडायचे. मधल्या टोकावर १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंतचा धन दाब त्यांना खाली खेचतो. तिथे कार्बनचा पातळ पापुद्रा त्यांचे इलेक्ट्रॉन ओरबाडतो, आयन धन होतात आणि तोच दाब त्यांना आणखी खाली ढकलतो. एकाच दाबाचा दुहेरी फायदा! २००७ मध्ये याला अतिवाहक लिनॅकची जोड मिळाली.

ही अदलाबदल इलेक्ट्रॉनांची, म्हणजे वरच्या कपड्यांची. खरी गंमत अणुकेंद्रकात आहे. लिथियम-७ लक्ष्यावर आदळून बेरिलियम-७ होऊन निघतो. त्याचा एक प्रोटॉन वाढला, एक न्यूट्रॉन घटला. लक्ष्यात नेमकं उलट झालं.

हे घडतं कसं? दोन चौक्यांतले जवान जागेवर राहून टोप्या बदलतात, की जवानच इकडून तिकडे जातात? सकाळच्या हजेरीत आकडा एकच. टोप्या बदलणं म्हणजे युकावांनी १९३५ मध्ये मांडलेल्या मेसॉनची थेट देवाणघेवाण. दुसऱ्या वाटेत न्यूट्रॉन पलीकडे जातो आणि प्रोटॉन अलीकडे येतो, दोन टप्प्यांत. झोताची ऊर्जा कमी असली की दुसऱ्या वाटेला वाव जास्त. ऊर्जा वाढली की थेट वाट वरचढ ठरते. कोणत्या कोनात किती कण निघाले, ते मोजून आणि गणिताशी ताडून दोन्हींचा वाटा ठरवावा लागतो. माझ्या मते या विषयातलं खरं कष्टाचं काम हेच.

एवढा खटाटोप कशासाठी? थेट वाटेचं गणित बीटा ऱ्हासाच्या गणिताशी जुळतं. न्यूट्रिनो न सोडणारा दुहेरी बीटा ऱ्हास सापडला, तर न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण ठरेल. टाटा संस्थेतले शास्त्रज्ञ कथील-१२४ मध्ये हा ऱ्हास शोधण्याच्या कामात उतरले आहेत. पण न्यूट्रिनोचं वस्तुमान काढायला केंद्रकाची आतली रचनाही कळायला हवी. इटलीत कॅटानियाच्या गटाने ऑक्सिजन-१८चा झोत कॅल्शियम-४० वर सोडला. निघाले निऑन-१८ आणि आर्गॉन-४०. दोन प्रभार एकदम बदलले! निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. त्यातला थेट वाटेचा हिस्सा वेगळा काढण्याचं काम त्यानंतरही चालू राहिलं.