घरातला रुमाल आणि ग्रंथालयाची संशोधन-खोली : बडोद्याच्या अनुभवातून

१९१० साल आपल्या विषयासाठी महत्त्वाचं आहे. त्या वर्षी पुण्यात इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. त्याच वर्षी विल्यम बॉर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल सयाजीराव महाराजांच्या बोलावण्यावरून बडोद्यात आले. या दोन गोष्टींचा आपसात काही संबंध नव्हता. पण घराघरांतल्या जुन्या कागदांचं काय करायचं, हा प्रश्न आज आपल्यापुढे आहे आणि त्याचं अर्धं उत्तर पुण्यात, अर्धं बडोद्यात सापडतं.

आधी पुणं. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यावरून आणि कोनाड्यांतून दफ्तरं बाहेर काढली. १८९८ पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चे खंड छापायला घेतले. कागद घराबाहेर कसा काढायचा, हे त्यांनी शिकवलं.

पण बाहेर आलेला कागद वाचकापर्यंत पोचतोच असं नाही. पेशवे दफ्तराचंच बघा. इंग्रज सरकारनं ते सांभाळलं, जाळलं नाही की विकलं नाही. तरी अभ्यासकांना त्याचं दार कित्येक वर्षं जवळपास बंदच होतं. शेवटी गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तेव्हा कुठे सर्वसाधारण अभ्यासकाला आत काय आहे ते कळलं. हे रियासतकार सरदेसाई म्हणजे आपल्या बडोद्याच्याच नोकरीत आयुष्याची बरीच वर्षं घालवलेले. म्हणजे जपणं ही एक गोष्ट आणि वाटून देणं ही दुसरी.

ही दुसरी गोष्ट बडोद्यानं करून दाखवली. महाराजांनी राजवाड्यातला आपला सुमारे २०,००० पुस्तकांचा खाजगी संग्रह लोकांसाठी दिला आणि त्यावर मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालं होतं. शिकलेल्या मुलाला पुढे वाचायला मिळालं नाही तर तो अक्षरं विसरणार, हा त्यामागचा साधा हिशोब. बॉर्डन १९१३ पर्यंत इथे होते. तेवढ्यात त्यांनी वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ दिलं, पुस्तकांची वर्गवारी लावली आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग काढला. ज्या गावात ग्रंथालय नव्हतं तिथे लाकडी पेट्यांतून पुस्तकं जायची. गावाला स्वतःचं वाचनालय हवं असेल तर गावानं वर्गणी काढायची, मग प्रांत पंचायत आणि सरकार आपापला वाटा घालायचं. पुढे मांडवीजवळच्या इमारतीत पोलादी मांडण्या आणि काचेच्या तक्तपोशी बसवल्या, वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत यावा म्हणून. आम्हा इंजिनिअर लोकांना ती काच फार आवडते.

हस्तलिखितांचीही तीच कथा. ग्रंथालयाच्या संस्कृत विभागात जमलेल्या पोथ्यांतून १९१६ मध्ये गायकवाड ओरिएंटल सिरीज निघाली. पहिलं पुस्तक राजशेखराची 'काव्यमीमांसा'. पोथी एका जागी, पण तिचा मजकूर जगभर गेला.

आता आपल्या घरांकडे येऊ. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा इथल्या जुन्या दक्षिणी घरांत अजून ट्रंका आहेत. त्यांत मोडीतले जमाखर्च, नेमणुकीचे हुकूम, लग्नाच्या खर्चाच्या वह्या, गणपतीच्या वर्गणीच्या याद्या, नाटकांच्या जाहिराती, शाळेचे फोटो असतात. घर विकलं जातं, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात असतात आणि ट्रंक पस्तीवाल्याकडे जाते. घरात मोडी वाचणारं कोणी उरलेलं नसतं, त्यामुळे काय गेलं तेही कळत नाही. दुसऱ्या बाजूला आपण हौशी मंडळी. प्रत्येकाच्या लॅपटॉपमध्ये शेकडो फोटो, पण कुठल्या घरातला कागद, कुठल्या रुमालातला, याची नोंद नाही. असा कागद वाचला म्हणून त्याचा पुरावा होत नाही.

माझं म्हणणं असं, की याची जागा सार्वजनिक ग्रंथालयाची संशोधन-खोली आहे. मंडळं चार उत्साही माणसांवर चालतात, माणसं थकली की कपाटाची किल्लीही हरवते. ग्रंथालय उद्याही उघडणार असतं. आणि एका घरची लग्नखर्चाची वही दुसऱ्या घरच्या पगाराच्या कागदाशेजारी एकाच टेबलावर आली, तरच त्या काळी कारकुनाला लग्न किती महिन्यांच्या पगारात पडायचं हे विचारता येतं. वेगवेगळ्या ट्रंकांत हा प्रश्नच सुचत नाही.

लोक कागद द्यायला घाबरतात, आणि ते बरोबरच आहे. म्हणून मूळ कागद घरातच राहू द्यावा. ग्रंथालयाला स्कॅन आणि यादी द्यावी, एक प्रत घरी, एक मंडळाकडे. दत्तकविधान, कज्जे, कर्ज, आजारपण यांचे कागद ठरावीक वर्षं बंद ठेवायचे असतील तर तसं लिहून घ्यावं. यादीत मात्र 'बंद' म्हणून त्यांची नोंद हवी.

कामाची रीत सोपी आहे. रुमाल सोडण्याआधी त्याचा फोटो काढा, आतला क्रम मोडू नका. नंबर मऊ पेन्सिलनं, कोपऱ्यात. तारीख कागदावर आहे तशीच उतरवा, मग इसवी सन वेगळ्या रकान्यात. आपल्याकडे हे फार जपायला लागतं. शक चैत्रात बदलतो, गुजरातचा विक्रम संवत कार्तिकात आणि मराठी दफ्तरातलं सुहूर सन मृगाच्या सुमारास. सुहूर सनात जूननंतर ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतर ६००. मूळ आकडाच पुसला गेला, तर पुढच्या माणसाला हिशोब तपासता येत नाही.

कारखान्यात ज्या ड्रॉइंगला नंबर नाही ते ड्रॉइंग कामाचं धरत नाहीत, कितीही सुंदर काढलेलं असो. कागदाचंही तसंच.

तेव्हा वाचकहो, सुरुवात स्कॅनरपासून करू नका. आपल्याच घरातलं एक कपाट उघडा आणि साध्या वहीत चार रकाने आखा : काय आहे, कोणाचं आहे, कधीचं आहे, कुठल्या गठ्ठ्यात आहे. मोडी येत नसेल तर 'मोडी, दहा पानं' एवढं लिहिलं तरी चालेल. ती वही घेऊन ग्रंथालयात जा आणि तिची एक झेरॉक्स संशोधन-खोलीत ठेवायला सांगा. ट्रंक घरातच राहील, पण ती आहे हे निदान कुणाला तरी माहीत असेल.