उघड्यावरचा चेहरा

छायाचित्रणाच्या हस्तपुस्तिकांत व्यक्तिचित्राचे तीन नियम हमखास सांगितलेले असतात : चौकटीची मांडणी नेटकी असावी, व्यक्तीची ठेवण सहज असावी आणि प्रकाश सौम्य असावा. नियम म्हणून ते कोणीही मान्य करील. परंतु या तिन्ही गोष्टींना इतिहास आहे आणि तो प्रदेशागणिक वेगळा आहे. बीड जिल्ह्यात व भोवतालच्या मराठवाड्यात उघड्या आकाशाखाली माणसाचे चित्र कसे घेतले गेले, हे पाहू लागल्यावर आम्हांस असे दिसते की हे प्रश्न केवळ तंत्राचे कधीच नव्हते. कोणाचा चेहरा दिसावा आणि कोणाचा दिसू नये, याचा निवाडाही त्यांतूनच होत आला.

आरंभ मुंबईपासून करावा लागतो. तेथे 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या पिढीतील ठळक नावे. त्या वेळी काचेवर कलोडियनचा थर देऊन, तो ओला असतानाच चित्र टिपावे आणि धुवावे लागे. समोरच्या माणसाला काही सेकंद निश्चल राहणे भाग असे. जुन्या चित्रांतील ताठरपणाचे एक कारण हे आहे. त्यास स्वभाव समजणे चूक होय. याच काळात विल्यम जॉन्सन याने मुंबईतील जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड 1863 आणि 1866 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांतील अनेक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि मागचा देखावा दुसऱ्याच निगेटिव्हवरून जोडलेला आहे. म्हणजे आपल्याकडील 'बाहेरचे' व्यक्तिचित्र आरंभीच एक रचलेली गोष्ट होती.

बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. इंग्रजी दप्तरांत त्याची नोंद 'भीर' अशी, तर अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद, आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी. या राज्याचा सर्वांत नामांकित छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला हा माणूस सहाव्या निजामाचा दरबारी छायाचित्रकार झाला. 1902 साली नेकोंडा येथे शिकारीनंतर कर्झन पतिपत्नींचे मेलेल्या वाघासह घेतलेले त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे. मोकळे मैदान, पायाशी शिकार आणि मध्यभागी सत्ता, अशी त्याची मांडणी. त्याआधी दोनच वर्षे, 1899-1900 च्या दुष्काळात, त्यांच्याच स्टुडिओने औरंगाबाद भागातील मदतकार्याची चित्रे काढली होती. आकाश तेच, ऊनही तेच. परंतु येथे माणसे गटागटाने मांडलेली आहेत आणि मथळ्यांत त्यांची ओळख दुष्काळग्रस्त म्हणूनच आहे. एका चित्रातील माणूस आपल्या नावाने उभा आहे, दुसऱ्यातील आपल्या हाडांनी. 1876-78 च्या मद्रास दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर याने भुकेल्या माणसांना असेच मांडून चित्रे घेतली होती आणि त्याबद्दल तेव्हाच त्याच्यावर टीकाही झाली होती. 1901 च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या घटलेली दिसते. त्या घटलेल्या माणसांपैकी कितीजणांची चित्रे कोणी घरी लावण्यासाठी काढली असतील?

आता प्रकाशाकडे वळू. बीड साधारण 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य येथे नेमका डोक्यावर येतो. पाश्चात्त्य पुस्तकांतील तिरपे, मवाळ ऊन येथे दुपारी मिळतच नाही. आणि नेमकी तीच वैशाखातील लग्नांची वेळ. उभ्या उन्हात भुवयांची सावली डोळ्यांत उतरते, बाशिंग आणि मुंडावळ्यांची सावली गालांवर पडते. त्यातच डोक्याला पांढरा फेटा असला की फिल्मची परीक्षाच. फेट्याच्या घड्या जपाव्यात तर सावळा चेहरा काळवंडतो, चेहरा जपावा तर फेट्याचा नुसता पांढरा गोळा उरतो. यावरचा उपाय आपल्या घरांच्या रचनेतच होता. ओसरीच्या कडेला, छपराच्या सावलीत पण तोंड अंगणाकडे करून माणूस बसविला की प्रकाश समोरून आणि पसरून येतो. अंगणापलीकडे चुन्याने सारवलेली भिंत असेल तर ती ऊन परतवून चेहरा उजळते. काळी जमीन मात्र ते पिऊन टाकते. झाडाखाली बसवायचे तर वड बरा. कडुलिंबाच्या विरळ पाल्यातून उन्हाचे कवडसे गळतात आणि चेहऱ्यावर ठिपके उठतात.

स्वातंत्र्यानंतर कॅमेरा हळूहळू दरबारातून आणि दप्तरातून बाहेर पडला. जत्रेतील रंगविलेले पडदे आले, बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री आला. एका रिळात 12 चौकोनी चित्रे. या काळातील घरगुती चित्रांत माणसे पूर्णाकृती, समोर पाहणारी, हात गुडघ्यांवर ठेवून बसलेली असतात. आजचे जाणकार या ठेवणीस अवघडलेली म्हणतात. आम्हांस हे मत पटत नाही. क्रिस्तोफर पिनी यांनी 'कॅमेरा इंडिका' (1997) या ग्रंथात मध्य प्रदेशातील नागदा येथील छायाचित्रांचा अभ्यास केला आहे. तेथील लोकांनाही अर्धे शरीर कापलेले आणि तोंडावर सावली असलेले चित्र रुचत नसे. यामागे अडाणीपणा नाही, हिशेब आहे. आयुष्यात एकदाच निघणारे चित्र उद्या हार घालून भिंतीवर लागणार असेल, तर त्यात माणूस संपूर्ण असला पाहिजे. समोर पाहणे ही त्याने स्वतः निवडलेली रीत होती, आणि दुष्काळाच्या चित्रांत नेमकी हीच निवड त्याच्याकडून काढून घेतलेली होती.

ही गोष्ट आजही जुनी झालेली नाही. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांचे एक चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे : मावळता सूर्य, त्यापुढे उसाने लादलेली बैलगाडी आणि तिच्यावर काळ्या आकृती. प्रकाश सुंदर आहे, मांडणी निर्दोष आहे, आणि चेहरा एकही नाही. मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. या चित्रातही ती दोघे मिळून एक सावलीच होतात. पाठीमागचा प्रकाश वापरूच नये असे आमचे म्हणणे नाही. सूर्य पाठीशी ठेवून समोर एखादे पांढरे धोतर धरले तरी चेहरा उजळतो, डोळेही मिचकावे लागत नाहीत. प्रश्न इतकाच की तेवढी तसदी कोणासाठी घेतली जाते.

जर्मन छायाचित्रकार ऑगस्ट झांडर याने 1914 साली वेस्टरवाल्ड भागातील तीन खेडूत तरुणांना रस्त्यात उभे करून टिपले. ते नाचाच्या कार्यक्रमाला निघाले होते. अंगात सूट, हातात छड्या. झांडरने त्यांच्या हाती नांगर दिला नाही. कॅमेऱ्याकडे वळून पाहणारे ते तिघे आज शंभराहून अधिक वर्षांनीही आपल्याला जोखत आहेत असे वाटते.

बीडमध्ये उघड्यावर व्यक्तिचित्र घेणाऱ्याने सकाळचे ऊन किंवा ओसरीची सावली शोधावी, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरावा, पाठीमागे खांब डोक्यातून उगवत नाही ना हे पाहावे. त्याचबरोबर बसायचे की उभे राहायचे, हातात कोयता घ्यायचा की नातवंड, हे समोरच्यालाच ठरवू द्यावे, आणि चित्राची एक प्रत त्याच्या घरी पोहोचवावी. ठेवण सुधारण्याचा याहून खात्रीचा मार्ग आम्हांस ठाऊक नाही. आपले चित्र आपल्याच भिंतीवर लागणार आहे हे ज्याला माहीत असते, त्याला कसे बसावे हे शिकवावे लागत नाही.