गोत्र वेगळे म्हणजे रक्त वेगळे?

सोलापुरात तेलुगू, कन्नड आणि मराठी घरे शेजारी नांदतात, लग्नाच्या रूढीही. पूर्व भागातल्या विणकर घरांना मामा-भाचीचे लग्न नवे नाही. मराठी घरांत मामाच्या मुलीवर हक्क सांगितला जातो. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिणेच्या नातेव्यवस्थांमधला सांधा मानले, ते याचसाठी.

या रूढीचे समर्थन आधी नीट मांडू. गोत्र-देवक टाळले की रक्त एक होत नाही. पिढ्यान्पिढ्या अशी लग्ने झाली, मुले धडधाकट निघाली. शिवाय मुलगी ओळखीच्या घरी पडते. शेवटच्या मुद्द्याशी माझे भांडण नाही. पहिल्या दोहोंशी आहे.

गोत्र बापाकडून येते. जनुके तशी येतात काय? प्रत्येक जनुकाची एक प्रत आईची, एक बापाची. चुलत भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुके सामाईक असतात. मामे-आते भावंडांतही आठवाच. मामा-भाचीत तो चौथा होतो. चुलत बहिणीशी लग्न ही कल्पनाही ज्या घराला सोसत नाही, तिथेच मामेबहिणीशी लग्न वाजतगाजत लागते. निसर्गाला या दोहोंत फरक दिसत नाही.

समजा, एखाद्या जनुकाच्या शंभर प्रतींत एक सदोष आहे. परक्या जोडप्याच्या मुलात दोन सदोष प्रती जुळण्याची शक्यता दहा हजारांत एक. मामे-आते भावंडांच्या मुलात ती सुमारे सात. तरीही बहुतेक मुले निरोगीच जन्मतात, हे मान्य केलेच पाहिजे. आणि नेमके म्हणूनच ‘आमच्या घरात काही झाले नाही’ ही साक्ष खरी असूनही पुरावा ठरत नाही.

विद्वानांचा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. आनुवंशिकशास्त्रज्ञ एल. डी. संघवी यांनी १९६६ मध्ये असे सुचवले की, शतकानुशतके नात्यात लग्ने करणाऱ्या समाजांतून घातक जनुके गाळली गेली असावीत. तर्क देखणा आहे. पण गाळली जातात म्हणजे काय होते? मुले दगावतात. ही किंमत कोणी मोजली? शिवाय नवे दोष प्रत्येक पिढीत उपजतात, आणि जो दोष मुलेबाळे झाल्यावर उमटतो तो गाळला जातच नाही. हृदयाच्या स्नायूशी निगडित एका जनुकातला असा दोष दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदय निकामी होण्याचा धोका तो वाढवतो, तोही बहुधा उतारवयात. हजारो वर्षे तो टिकून आहे.

मग जवळचे नाते टाळले की सुटलो? तेही नाही. हैदराबादच्या सीसीएमबीचे थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राईक यांच्या २०१७ च्या अभ्यासात २६३ पैकी ८१ समाजगटांवर मोजक्या पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक आढळला. जातीबाहेर लग्न नाही, म्हणून तो पुसलाही गेला नाही. आर्य वैश्य समाजात एका विकराची कमतरता इतरांहून पुष्कळ अधिक आढळते. भूल देताना स्नायू सैल करणारे एक नेहमीचे औषध अशा रुग्णाच्या शरीरात लवकर विघटित होत नाही. श्वासाचे स्नायू तासन्‌तास लुळे राहू शकतात. या समाजातल्या रुग्णाने शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला गोत्र नव्हे, समाज सांगावा.