कुकरमधला केक

आजचा भाग केकवर आहे, पण दुकानातल्या नाही. आईने किंवा मावशीने घरी केलेल्या, एका बाजूला जरासा कललेल्या, वर जेम्सच्या गोळ्यांनी नाव लिहिलेल्या केकवर. हा विषय काढला की कोणीतरी म्हणतंच, "केक हा काय आपला इतिहास आहे का?" माझं उत्तर हो असं आहे. आणि तो इतिहास बराचसा ठाणे ते कल्याण या पट्ट्यात घडलाय.

आपल्याकडे वाढदिवस आधी तिथीने व्हायचा. पाटावर बसवायचं, सुपारी आणि सोन्याची अंगठी घेऊन औक्षण करायचं, कपाळाला कुंकू, डोक्यावर अक्षता आणि जेवायला खीर नाहीतर शिरा. शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी तारीख आली, तशी हळूहळू वाढदिवसालाही तारीख आली. तारखेच्या मागून केक आला, आणि केकवर मेणबत्त्या. त्या मूळच्या जर्मन. तिथे १७४६ साली काउंट झिंझेंडॉर्फच्या वाढदिवसाला केकमध्ये वयाच्या वर्षांइतक्या मेणबत्त्या खोचल्याची नोंद आहे.

इथेच आपल्या आज्या अडल्या. जी भाषा दिवा 'विझवत' नाही, 'शांत करते', जिच्यात बांगडी फुटत नाही, 'वाढवते', त्या भाषेतल्या बाईने नातवाला ज्योतीवर फुंकर मारायला कशी सांगावी? लोक याला बुरसटलेपणा म्हणतात. मला नाही तसं वाटत. आजीला केकचं वावडं नव्हतंच, तिचा आक्षेप फक्त फुंकरीला होता. मग घराघरांनी आपापली तडजोड काढली. कुठे आधी औक्षण, मग केक. कुठे मेणबत्ती बादच, नुसती सुरी.

दुसरी अडचण जास्त मोठी होती. आपल्या स्वयंपाकघरात ओव्हनच नव्हता. चूल, शेगडी, स्टोव्ह, गॅस, सगळीकडे आच खालून. चारी बाजूंनी भाजायचं असलं की बेकरी गाठायची. दिवाळीच्या आधी घरचं पीठ, तूप, साखर डब्यात भरून नानकटाई भाजून आणायला लोक बेकरीत रांग लावायचे, ते याचमुळे.

ही अडचण सोडवली कुकरने. हॉकिन्सची कंपनी १९५९ साली सुरू झाली, आणि तिचा कारखाना ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. हीच ती वागळे इस्टेट, जिथून १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसीची सुरुवात झाली. डाळ-भात लवकर शिजावा म्हणून घेतलेल्या भांड्याची बायकांनी भट्टी केली. शिट्टी काढायची, झाकणाचं रबर काढायचं, तळाशी जाडं मीठ किंवा वाळू पसरायची, त्यावर रिंग, रिंगवर केकचं भांडं. पाणी अजिबात नाही. मंद आचेवर पाऊण तास. मीठ आच सगळीकडे सारखी पसरवतं आणि बंद झाकणाखाली गरम हवा कोंडून राहते, म्हणून केक वरूनही भाजतो. (कंपन्या कोरडा कुकर तापवू नका असंच सांगतात. तुम्हाला करून बघायचा असेल तर एखादं जुनं जाड पातेलं घ्या.)

मग अंडं. डोंबिवलीत गिरगाव-दादरच्या चाळींमधून आलेली कितीतरी घरं अशी होती, जिथे अंडं चालत नसे. अंडं केकमध्ये दोन कामं करतं, मिश्रण बांधून ठेवतं आणि हवा धरून ठेवतं. त्यातलं बांधायचं काम घेतलं कंडेन्स्ड मिल्कने आणि फुगवायचं काम सोडा-बेकिंग पावडरने. म्हणून मिल्कमेडचा डबा. नेस्लेने १९६१ साली पंजाबात मोग्याला कारखाना काढला आणि पुढे हा डबा मराठी फडताळात येऊन बसला. कोको तर घरचाच म्हणायचा. ठाण्यात पोखरण रोडला कॅडबरीचा कारखाना होता, त्या चौकाला आजही कॅडबरी जंक्शन म्हणतात.

सजावटीत तर कमालच होती. आयसिंग शुगर म्हणजे मिक्सरमधून काढलेली पिठीसाखर, ती लोण्यात नाहीतर डालड्यात फेसायची. पायपिंग बॅग म्हणजे धुतलेली दुधाची पिशवी, कोपरा कापलेली. मध्ये बाहुली उभी करून भोवती केकचा घागरा. टूटी-फ्रुटी म्हणजे साखरेत मुरवलेली कच्ची पपई. आणि ती लालभडक चेरी? आपल्याकडे ती बहुतेक वेळा करवंदाची असते! मे महिन्यात आदिवासी बायका द्रोणात घालून विकतात तेच करवंद, बी काढून, पाकात मुरवून, रंगवून.

यातलं कुठेच फारसं लिहून ठेवलेलं नाही. वहीच्या शेवटच्या पानावर 'मैदा दीड वाटी' एवढंच, तेही पुसट. या बायका सकाळची लोकल पकडून फोर्टात नोकरीला जायच्या, संध्याकाळी उभ्याने परत यायच्या आणि रात्री जेवणं आटोपल्यावर केक फेटायला घ्यायच्या. त्या वेळेचा हिशोब कुणी ठेवला नाही.

तो हिशोब मांडायची वेळ आली २०२० मध्ये. मार्चमध्ये लोकल बंद झाल्या. जुलैत ठाणे आणि कल्याण-डोंबिवली दोन्ही महापालिकांनी २ तारखेपासून पुन्हा कडक लॉकडाऊन लावला, तो वाढत १९ पर्यंत गेला. त्या दिवसांत ज्यांचे वाढदिवस आले, त्यांचे केक घरीच झाले. काहींनी पहिल्यांदाच केला, काहींनी आईची वही शोधली, आणि काहींची नोकरी गेलेली असल्यामुळे तो केक सोसायटीच्या ग्रुपवर विकायला टाकला. तिथून आजच्या कितीतरी होम बेकर ताया उभ्या राहिल्या. छोट्या धंद्यासाठी अन्नसुरक्षा नोंदणी करावी लागते. २०११ च्या नियमांत १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना तिची फी होती वर्षाला १०० रुपये. त्यानंतर डब्यावर चौदा आकडी नंबर येतो.

नंबर आला, तरी गिऱ्हाईक विचारतंच, "घरीच तर करता, मग एवढे पैसे?"

मी ज्या ज्या होम बेकरशी बोललो, त्या प्रत्येकीने हे वाक्य ऐकलंय. एक ताई मात्र आता उत्तर देत नाहीत. बिलावर मैदा, क्रीम, कोको यांच्या खाली वेगळी ओळ लिहितात, 'साडेतीन तास', आणि त्यापुढे रक्कम.